इंजिनचं काम झाल्यावर व्हीव्हीटीचा कोड परत परत येत असेल तर

लक्षणं

हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून परत बसवलं, टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) बदलली, किंवा अख्खं इंजिन उघडून बांधलं. गाडी सुरू झाली, आवाजही बरा वाटला. आणि मग चेक इंजिनचा दिवा लागला. कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) मिटवला की एक-दोन दिवस शांतता, पुन्हा दिवा. अशा गाड्या माझ्याकडे सतत येतात, आणि बऱ्याच गाड्यांसोबत डिकीत एक खोकं येतं. त्यात काढलेला फेजर (कॅमला पुढेमागे सरकवणारा भाग), काढलेला सेन्सर, काढलेला कंट्रोल व्हॉल्व्ह (फेजरला तेल सोडणारा) असतो. बहुतेक वेळा त्यातलं काहीच खराब नसतं, आणि नवीन पार्ट बसवूनही कोड तसाच असतो.

व्हीव्हीटी म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ चालता चालता पुढेमागे करणारी यंत्रणा. दोष तिचा असेल तर खालीलपैकी एक-दोन गोष्टी दिसतातच:

- आयडलिंगला इंजिन थरथरतं, आरपीएमचा काटा वरखाली होतो, ब्रेक दाबून थांबलं की कधीकधी बंद पडतं.
- पिकअप गेलेला असतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी उचल खात नाही.
- थंड इंजिन सुरू केल्यावर पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड येते आणि थांबते.
- सेल्फ नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागतो.
- गाडी इंधन जास्त खायला लागते.
- काही गाड्यांत यातलं काहीच जाणवत नाही, फक्त दिवा लागतो.

कोड साधारण हे असतात. पी००१० आणि पी००१३ विजेच्या जोडणीचे, पहिला इनटेक कॅमचा (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि दुसरा एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा). पी००११ म्हणजे इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे, पी००१२ म्हणजे मागे. एक्झॉस्टसाठी तेच पी००१४ आणि पी००१५. पी००१६ आणि पी००१७ वेगळ्या जातीचे आहेत. क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅम यांचा एकमेकांशी मेळच बसत नाही, असं ते सांगतात. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूचे कोड पी००१८ ते पी००२५ मध्ये येतात.

नावात अडकू नका. टोयोटा व्हीव्हीटी-आय म्हणते, होंडा व्हीटीसी, बीएमडब्ल्यू व्हॅनोस, ह्युंदाई सीव्हीव्हीटी. तेलावर चालणाऱ्या सगळ्यांचं तत्त्व एकच. इलेक्ट्रिक मोटरने कॅम फिरवणाऱ्या यंत्रणेला मात्र यातल्या तेलाच्या तपासण्या जशाच्या तशा लागू होत नाहीत.

कॉम्प्युटरला काय दिसतं आणि काय दिसत नाही

चेन फेजरचं बाहेरचं घर फिरवते. आतला पाकळ्यांचा रोटर कॅमला बोल्टने घट्ट असतो. दोघांच्या मधे तेलाचे कप्पे असतात. एका बाजूला तेल भरलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला भरलं की मागे. तेल कुठे सोडायचं ते कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्याला हुकूम कॉम्प्युटरकडून येतो. इंजिन बंद होताना तेलाचा दाब उतरला की एक छोटी लॉक पिन रोटरला ठरलेल्या जागी अडकवते. पुढच्या वेळी पुरेसा दाब तयार झाल्यावरच ती सुटते.

पंप, गाळणी, तेलाची वाट, कॅमची बेअरिंगं, खुद्द फेजर, यातलं काहीही कॉम्प्युटरला दिसत नाही. त्याला क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर एवढंच दिसतं. म्हणून ‘कॅम पुढे गेला’ हा कोड फेजर खराब झाल्याचा पुरावा होत नाही. कॅम खरंच पुढे असेल, सेन्सर चुकीचं सांगत असेल, तेल पोहोचत नसेल किंवा चेन एक दात चुकून बसली असेल, तरी कोड तोच पडू शकतो.

दुरुस्तीआधी धड चालणारा फेजर दुरुस्तीच्या दिवशी अचानक मरणं दुर्मीळ आहे. त्यामुळे कशाकशाला हात लागला होता, याची यादी मी आधी करतो. गाडी दुसऱ्या गॅरेजमधून आली असेल तर तिथल्या मिस्त्रीला फोन करून विचारतो. तो मनमोकळं बोलला तर अर्धं काम तिथेच होतं.

कोड कधी येतो ते आधी लिहून ठेवा

कोड मिटवण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड पडला त्या क्षणाची स्कॅनरवर दिसणारी नोंद) फोटो काढा. त्यावेळचं आरपीएम, इंजिनचं तापमान, वेग हे सगळं त्यात असतं. कोड मिटवला की ते जातं. दोष कुठल्या बाजूला आहे हे मला कोडच्या आकड्यापेक्षा त्याच्या वेळेवरून जास्त कळतं.

चावी फिरवताच किंवा सुरू होताक्षणी पी००१० किंवा पी००१३ आला तर वायर, कनेक्टर किंवा कॉइल. सुरू झाल्यावर थोड्याच वेळात, थंड असो की गरम, दर वेळी न चुकता पी००१६ आला तर टायमिंग किंवा सेन्सर. थंड असताना सगळं ठीक आणि अर्धा तास चालवून थांबलं की आयडलिंगला कोड, असं असेल तर तेलाचा दाब. काही नेम नाही, कधी आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम दिवा, असं असेल तर वाटेत अडकणारा कचरा. यात अपवाद निघतात, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

१. तेल

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघा. पातळी कमी असेल तर वळणावर किंवा ब्रेक मारताना पंप हवा ओढतो. जास्त असेल तर क्रँक तेलात बुडून ते घुसळते आणि फेस होतो. दोन्ही वेळा फेजरच्या कप्प्यात तेलासोबत हवा जाते. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून कॅम ठरल्या जागी स्थिर राहत नाही. इंजिन बांधल्यावर नव्या फिल्टरमध्ये आणि वाटांमध्ये तेल भरलं की पातळी खाली येते. पहिल्यांदा चालवल्यावर पुन्हा मोजायची असते, आणि नेमकं तेच राहून जातं.

मग ग्रेड बघा. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात ‘नवीन इंजिन आहे, जाड तेल बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. बारीक वाटांतून जाड तेल सावकाश सरकतं. कॉम्प्युटर जो कोन मागतो तो वेळेत मिळत नाही आणि विशेषतः थंडीत कोड पडतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल घाला.

फिल्टरही बघा. गोल डब्याच्या फिल्टरमध्ये तेल मागे उतरू न देणारा रबरी पडदा असतो. तो नसला किंवा निकृष्ट असला की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी दाब तयार व्हायला उशीर लागतो आणि तीच ती पुढची खडखड येते. कागदी फिल्टर असलेल्या इंजिनात झाकणाच्या मधल्या दांड्यावरची छोटी ओ-रिंग बसवायची राहिली तरी दाब गळतो.

डिपस्टिकवरचं तेल उन्हात बोटावर चोळून बघा. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात थोडी करडी झाक येऊ शकते, पण चमकणारे कण दिसता कामा नयेत. दिसले तर ही तपासणी इथेच थांबवा आणि गाडी चालवू नका. व्हीव्हीटीचा प्रश्न तेव्हा दुय्यम ठरतो.

इंजिन फ्लशबद्दल लोक हमखास विचारतात. नुकत्याच उघडलेल्या इंजिनात मी तो वापरत नाही. कोपऱ्यात निवांत पडलेला गाळ एकदम सुटतो आणि तो पहिल्यांदा कंट्रोल व्हॉल्व्हच्या जाळीवरच येऊन बसतो.

२. कनेक्टर आणि अर्थ (अर्थिंग)

दोन कॅमच्या इंजिनात इनटेकचा आणि एक्झॉस्टचा कंट्रोल व्हॉल्व्ह शेजारी शेजारी असतात. कितीतरी गाड्यांत दोन्हीचे कनेक्टर सारखे असतात आणि वायरची लांबीही पुरते. ते अदलाबदल झाले तर कॉम्प्युटर इनटेक हलवायला सांगतो आणि हलतो एक्झॉस्ट. दोन्हीकडचे कोड एकदम येतात आणि आयडलिंग भयानक होतं. वायरिंगची जुनी घडी नीट बघितली तर खरी जागा कळते. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन वायर ज्या बाजूला वळलेली असते त्या बाजूला ती आपसूक जाते, उलटीकडे ओढावी लागते. खात्री हवी असेल तर वायरचे रंग आकृतीशी ताडून बघा. कॅम सेन्सरच्या कनेक्टरचंही हेच.

कनेक्टर काढून आत बघा. तेल शिरलंय का, पिन मागे सरकलीय का, कुलूप पूर्ण लागत होतं का. हेडवरून इंजिनच्या अर्थची जाड पट्टी काढलेली असते, ती परत लावली आहे का आणि लावताना तिच्याखाली रंग किंवा सिलंट तर नाही ना, तेही बघा. अर्थ कच्चा असला की सेन्सरचे आकडे भरकटतात आणि सगळे मिळून सेन्सर बदलत बसतात.

३. स्कॅनरवर हलतं चित्र

साधा कोड वाचणारा स्कॅनर इथे पुरत नाही, लाइव्ह डेटा (चालत्या इंजिनचे त्या क्षणाचे आकडे) दाखवणारा लागतो. मागितलेला कोन, प्रत्यक्ष कोन आणि कंट्रोल व्हॉल्व्हची ड्यूटी (त्याला किती टक्के वेळ वीज मिळते ते), हे तीन आकडे एकत्र लावा. इंजिन गरम करून आयडलिंगला बघा, मग हळूहळू २५०० आरपीएमपर्यंत न्या.

मागितलेला कोन बदलतो आणि प्रत्यक्ष कोन लगेच मागोमाग येतो, तर फेजर आणि तेल दोन्ही ठीक आहेत. मागोमाग येतो पण सुस्तपणे, तर जाड तेल, तुंबलेली जाळी किंवा कमी दाब. मागणी वाढतेय, ड्यूटी वाढतेय आणि प्रत्यक्ष कोन जागचा हलतच नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय, वाट बंद आहे किंवा लॉक पिन सुटत नाही. आणि मागणी शून्य असताना प्रत्यक्ष कोन कायम ठरावीक अंशांनी वेगळा दिसतो, आरपीएम कितीही असो तो फरक तेवढाच राहतो, तर चेन लावताना झालेल्या चुकीकडे लक्ष द्या.

स्कॅनरमधून व्हॉल्व्ह हलवता येत असेल तर गरम इंजिनला आयडलिंगवर इनटेक कॅम पुढे न्यायचा हुकूम द्या. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं, आणि हुकूम काढताच सरळ झालं, तर व्हॉल्व्ह, तेलाची वाट आणि फेजर तिन्ही काम करतात. काहीच फरक पडला नाही तर त्यातलं एक काम करत नाही. इंजिन आधीपासूनच अडखळत असेल तर व्हॉल्व्हचा कनेक्टर काढून बघा. काढल्यावर सुधारलं तर हुकूमच चुकीचा येत होता. तसंच राहिलं तर कॅम तेलाने किंवा कचऱ्याने एका जागी अडकलाय. कनेक्टर काढल्यामुळे जो नवा कोड येईल तो नंतर मिटवा, त्याच्यामागे धावू नका.

४. कंट्रोल व्हॉल्व्ह बाहेर काढा

इंजिनचं काम झालेल्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त वेळा दोष सापडला तो इथे. बहुतेक इंजिनांत हे काम एका बोल्टचं आहे. इंजिन थंड होऊ द्या, खाली फडकं लावा, व्हॉल्व्ह फिरवत फिरवत सरळ ओढा. वायरला धरून ओढू नका.

एका गाडीचा व्हॉल्व्ह आठवतो. हेडचं काम झालेलं, पी००११ दर तीन-चार दिवसांनी, आणि तोवर दोन सेन्सर बदलून झालेले. व्हॉल्व्ह काढला तर बाहेरून स्वच्छ. भिंग लावून बाजूच्या खिडकीत बघितलं तेव्हा आतल्या सरकदांड्याच्या कडेला सुताएवढा एक करडा धागा दिसला. चिमट्याने ओढला तर जेमतेम अर्ध्या इंचाचा आणि रबरासारखा ताणणारा. तो होता वाळलेला सिलंट. पुढच्या कव्हरला सिलंट भरपूर लावलेला, आतल्या बाजूला जास्तीचा फुगवटा निघाला, तो तेलात सुटला आणि फिरत फिरत इथे आला. सरकदांडा त्याच्यावर अडकला की कॅम पुढेच राहायचा. सुटला की सगळं ठीक.

सिलंटखेरीज जाळीवर मला सापडणाऱ्या गोष्टी म्हणजे फडक्याचे दोरे, गॅस्केट घासायच्या खरखरीत चकतीची भुकटी आणि जुन्या गाळाचे तुकडे. ती भुकटी घातक असते, कारण ती बेअरिंगांनाही खाते. जाळी सगळ्यांच्या व्हॉल्व्हच्या अंगावरच नसते. काही इंजिनांत ती हेडमध्ये वेगळ्या बोल्टखाली बसवलेली असते आणि तिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

ब्रेक क्लीनरने धुवा, हवेने फुंका, तार घालून टोचू नका. मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. अनेक गाड्यांत थंड असताना तो ७ ते १२ ओहमच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. पूर्ण तुटलेली किंवा शॉर्ट झालेली कॉइल त्यात कळते. मात्र ओहम बरोबर आले म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, असं नाही. वरच्या त्या धाग्याच्या व्हॉल्व्हचे ओहम अगदी बरोबर होते. म्हणून फ्यूज घातलेल्या वायरने १२ व्होल्ट क्षणभर देऊन सरकदांडा हलतो का आणि वीज काढताच पूर्ण परत येतो का, ते डोळ्यांनी बघा. जास्त वेळ वीज दिली तर कॉइल जळते.

परत बसवताना ओ-रिंगला तेल लावा. कोरडी ओ-रिंग कापली जाते आणि दाब तिथूनच गळतो. काही नव्या इंजिनांत व्हॉल्व्ह फेजरच्या मधल्या बोल्टमध्येच असतो आणि बाहेर दिसतो तो फक्त चुंबकाचा भाग. त्या इंजिनांत हा बोल्ट घरी सोडवू नका.

५. अदलाबदल करून बघा

इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह किंवा सेन्सर एकाच पार्ट नंबरचे असतील तर आपसात बदला आणि गाडी चालवा. कोड इनटेकवरून एक्झॉस्टवर गेला तर तो पार्ट दोषी. जागच्या जागी राहिला तर पार्ट निर्दोष, आणि नवीन मागवायचा खर्च वाचला. नंबर वेगळे असतील तर ही तपासणी सोडून द्या.

६. तेलाचा दाब गेजने मोजा

ऑइलचा दिवा लागत नाही म्हणजे दाब ठीक, हा समज फार पसरलेला आहे. तो दिवा साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो. एवढ्याशा दाबावर फेजर हलत नाही. म्हणजे दिवा शांत असतानाही व्हीव्हीटी उपाशी असू शकते.

ऑइल स्विच काढून तिथे गेज लावा, इंजिन पूर्ण गरम करा, आयडलिंगला आणि २००० आरपीएमला आकडा घ्या आणि मॅन्युअलशी ताडा. थंडीत भरपूर आणि गरम झाल्यावर घसरला तर दाब कुठेतरी गळतोय. नुकतं काम झालेल्या इंजिनात मी क्रमाने बघतो ते असं: पंपाच्या खालच्या जाळीच्या नळीची ओ-रिंग चिमटली का, पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) अडकलाय का, कॅमच्या कॅप (कॅमला वरून धरणारी झाकणं) आपापल्या नंबरवर आणि बाणाच्या दिशेने बसल्यात का, आणि शेवटी बेअरिंगचं अंतर.

कॅपबद्दल दोन शब्द. कॅप आणि हेड एकत्र बोअर केलेले असतात, त्यामुळे तिसऱ्याची कॅप चौथ्यावर बसली तर दिसायला बसते, पण अंतर बिघडतं. फेजरकडे जाणारं तेल बहुतेक वेळा पुढच्याच कॅपमधून जातं. तिथे ओरखडे असले किंवा कॅमवरच्या सीलच्या कड्या बसवायच्या राहिल्या असल्या तर फेजरपर्यंत पोहोचण्याआधीच तेल बाहेर पडतं.

दाब मोजणं जमणाऱ्याने जरूर मोजावं. तो कमी आला तर पुढचं काम घरचं नाही.

७. उघडण्याआधी कंप्रेशन

कव्हर उघडण्याआधी सगळ्या सिलिंडरचं कंप्रेशन घ्या. सगळ्यांचं सारख्याच प्रमाणात कमी आलं तर कॅमचं टायमिंग चुकल्याचा संशय बळावतो. एक-दोघांचंच पडलं तर व्हॉल्व्ह वाकला असेल किंवा नीट बसत नसेल. मग व्हीव्हीटीच्या कोडवर वेळ घालवू नका.

ऑसिलोस्कोप हाताशी असेल तर क्रँक आणि कॅमचे सिग्नल एकाखाली एक लावा. ६०-२ दातांच्या (६० पैकी दोन दात गाळलेल्या) क्रँक चकतीवर प्रत्येक दात ६ अंशांचा असतो. दोन गायब दातांच्या खाचेपासून कॅमच्या उतारापर्यंत दात मोजा आणि त्याच इंजिनच्या चांगल्या चित्राशी ताडा. कव्हर न उघडता टायमिंग कळायला याच्याइतकी खात्रीची पद्धत मला माहीत नाही.

८. टायमिंग

हिशेब आधी करा. कॅमच्या चकतीला ३६ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे १० अंश आणि क्रँकचे २०. लाइव्ह डेटातला कायमचा फरक या आकड्याच्या जवळ असेल तर चेन एक दात चुकली आहे. फरक तीन-चार अंशांचाच असेल तर ते दाताचं काम नाही. ताणलेली चेन, सरकलेली चकती किंवा फेजर चुकीच्या जागी घट्ट केलेला, यापैकी काहीतरी असतं. हेडचं फेसिंग (खालची बाजू घासून सपाट करणं) केलं तर कॅम खाली येतो आणि किंचित मागे पडतो. पण १०० मिमी व्यासाच्या चकतीला अर्धा मिमी फेसिंगने कॅम जेमतेम अर्धा अंश हलतो. तेवढ्यावर कोड पडत नाही. जुनी चेन ठेवली असेल तर दोन्ही मिळून पडू शकतो.

खुणा बघताना क्रँक नेहमी इंजिनच्या चालत्या दिशेनेच फिरवा, स्पार्क प्लग काढून, हाताने, पूर्ण दोन फेरे. उलटं फिरवलं तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) दबून चेनला ढील येते आणि ती दात सोडू शकते. दोन फेऱ्यांनंतर चकत्यांवरच्या खुणा जुळल्या पाहिजेत. चेनच्या रंगीत कड्या मात्र दोन फेऱ्यांत परत जुळत नाहीत, त्याला बरेच फेरे लागतात. ‘रंगीत कडी सरकली’ म्हणून चांगली लागलेली चेन परत उतरवणारे मी पाहिलेत. टेन्शनरची पिन काढायची राहिली नाही ना, हे त्याच वेळी बघून घ्या.

आता सगळ्यात फसवा प्रकार. काही इंजिनांत चकत्यांवर खुणाच नसतात. कॅम पट्टीने आणि क्रँक पिनने अडकवून फेजरचा मधला बोल्ट घट्ट करायचा असतो. घट्ट करताना फेजर आपल्या लॉकच्या जागी नसेल, मधेच कुठेतरी राहिला असेल, तर त्या क्षणी सगळं अचूक दिसतं. पट्टी बसते, पिन बसते. इंजिन एकदा चालून बंद झालं की फेजर आपल्या लॉकवर जातो आणि कॅम तेवढे अंश सरकलेला असतो. एका गाडीत मी तीनदा पट्टी लावून बघितली. इंजिन बांधलेल्या मिस्त्रीकडे ती सुरीसारखी आत गेली होती, आणि माझ्याकडे शिरायलाच तयार नव्हती. कारण मधे इंजिन चालून गेलं होतं. म्हणून बोल्ट घट्ट करण्याआधी फेजरची चकती हाताने पुढेमागे हलवून बघा. लॉक असेल तर कॅमशिवाय ती हलत नाही. काही फेजरचं लॉक टोकाला न राहता मधे असतं, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

आणि क्रँकला चावीची खाच नसलेली इंजिनं असतात. त्यांची चकती फक्त बोल्टच्या दाबावर धरलेली असते. नुसतं पुढचं सील बदलायला पुलीचा बोल्ट सोडला तरी टायमिंग सुटतं. त्याच्या घर्षण-वॉशरचा आणि ताणाच्या बोल्टचा (घट्ट करताना जो ताणला जातो) पुन्हा वापर करू नका.

कुठे थांबायचं

ऑइलचा दिवा लागला, तेलात धातू दिसला किंवा पुढच्या कव्हरमधून चेन घासल्याचा आवाज सतत येतोय, तर इंजिन बंद करा आणि गाडी टोइंगनेच न्या. पी००१६ असेल आणि सोबत इंजिन अडखळत असेल तर ‘बघू सुरू होतंय का’ म्हणून सेल्फ मारत राहू नका. ज्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात, तिथे आणखी एक दात सुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

पहिल्या पाच तपासण्या साध्या हत्यारांनी आणि एका बऱ्या स्कॅनरने कोणीही करू शकतो. तेलाचा दाब कमी आला, किंवा आठव्या पायरीपर्यंत आलात आणि त्या इंजिनची लॉकिंग हत्यारं व टॉर्क पाना नाही, तर अनुभवी मिस्त्रीकडे द्या. पांढऱ्या शाईच्या खुणा करून चेन लावू नका. शक्यतो आधी ज्याने काम केलं त्यालाच पहिल्यांदा कळवा, आणि गाडीसोबत फ्रीझ फ्रेमचा फोटो, कोड येण्याची वेळ आणि काय काय तपासलं ते लिहून द्या. त्याचे किमान दोन दिवस वाचतात.

दोष सापडून दुरुस्त झाला की कोड मिटवा. चेन किंवा सेन्सर बदलल्यावर काही गाड्यांत कॉम्प्युटरला क्रँक-कॅमच्या नव्या जागांची शिकवणी (रीलर्न) स्कॅनरने द्यावी लागते, नुसती बॅटरी काढून भागत नाही. त्यानंतर एक सकाळ पूर्ण थंड सुरुवात, अर्धा तास गरम होईपर्यंत चालवणं, आणि मग पाच मिनिटं आयडलिंग. असे तीन दिवस करा. दिवा लागला नाही तरी पेंडिंग कोड वाचा, कारण कित्येक कोड एकदा घडले की तिथे नोंदवले जातात आणि दुसऱ्यांदा घडल्यावरच दिवा लावतात.